पंचेचाळीसची तबकडी, तेहतीसवर

शुक्रवारी खोकी येतात.
गोदेलीव्ह पातं आडवं धरून टेप कापते,
एकदा घाईत अख्ख्या गठ्ठ्यावर ओरखडा उठला होता,
किती पैसे गेले ते तिनं अजून मलाही सांगितलेलं नाही.

गेंटच्या या गल्लीत ऊन दुपारी दोनलाच पोचतं.
तोवर आम्ही नव्या बारा इंची लावून घेतो:
इलेक्ट्रो डाव्या कप्प्यात,
इंडी डान्स उजव्या,
आणि कुठेच न बसणारं खिडकीत, वाकेपर्यंत.

तिचा डावा कान एका स्पीकरनं खाल्ला, तरुणपणीच.
म्हणून बास ती तळव्यानं ऐकते,
काउंटरवर हात ठेवून,
पोराचा ताप बघावा तसा.
'हा नुसताच आदळतो,' म्हणते,
किंवा, क्वचित, काहीच म्हणत नाही.
मग त्या तबकडीच्या मी दहा जास्त मागवतो.

त्या शुक्रवारी पांढऱ्या लेबलची एक होती,
शिक्का तिरका, शाई फुटलेली.
ए बाजूला लीसलॉटचं गाणं,
बी बाजूला त्याचं रीमिक्स,
मार्सेच्या कुणा पोरानं केलेलं,
ज्याला तिनं कधी पाहिलेलं नाही.
लीसलॉट स्वतःच आली होती, सायकलचं हेल्मेट डोक्यावर तसंच.
म्हणाली, बी लावा.

त्यानं गाणं सुपात घेतलं होतं
आणि पाखडलं होतं उलटं:
दाणे उडवले, कोंडा ठेवला.
चारही कडवी गेली.
भावाचं नाव गेलं.
धक्क्यावरची ती रात्र गेली, जिच्यासाठी गाणं होतं.
उरला प्रत्येक ओळीआधी तिनं घेतलेला श्वास,
तोच, पुन्हा तोच,
मिनिटाला एकशे चोवीस ठोक्यांवर, सात मिनिटं.

'पैसे तेवढेच मिळतील ना?' तिनं विचारलं.
आम्ही हसलो. ती हसली नाही.

वानेस कोपऱ्यात तबकड्या चाळत होता.
बटाटे तळतो तो स्टेशनबाहेर,
त्याच्या नोटांनाही तेलाचा वास.
त्याला काय माहीत कोण उभं आहे ते.
म्हणाला, 'या आठवड्याची हीच!
नुसतं ऐकून दम लागतो.'
'हो,' लीसलॉट म्हणाली, 'मलाही लागला होता.'

गोदेलीव्हनं सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली
आणि अंगठा चुकीच्या बटणावर पडला.

तेहतीस.

ठेका जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा झाला.
झांजा ओल्या पुठ्ठ्यासारख्या.
आणि श्वास, तो तिचा राहिला नाही.
जाड झाला, खाली उतरला,
पुरुषाचा झाला,
आत जाताना कुठेतरी अडणारा.

लीसलॉटनं हेल्मेट काढलं.
'योरिस,' म्हणाली.
एवढंच.

त्या धक्क्यावर काय झालं होतं ते मी विचारलं नाही.
गोदेलीव्हचं बोट बटणाजवळ गेलं,
थांबलं,
आणि परत काउंटरवर येऊन पालथं पडलं.
सात मिनिटांची बाजू साडेनऊ मिनिटं चालली.
वानेसनंही तोंड उघडलं नाही, जे त्याच्या स्वभावात नाही.

मग मधली गुळगुळीत खोबण,
जिथे तबकडी कापणारा आपलं काहीबाही कोरून ठेवतो.
मी दिव्याखाली तिरकी धरून वाचलं:
'नाचा आधी, बिल नंतर.'

तिनं दोन घेतल्या. पैसे देऊ लागली,
गोदेलीव्हनं एकीचेच घेतले,
आणि दुसरीच्या लेबलवर पेन्सिलीनं
पंचेचाळीसवर काट मारली.

उरलेल्या उजव्या कप्प्यात लावल्या.
वेगाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी वानेस आला, तेलकट पिशवीत तबकडी.
घरी दहादा लावली म्हणे, चांगली आहे,
नाचायला फारच चांगली,
'पण तुमच्याकडे वाजली होती
ती ही नाही.'